खाडीत सोडलेलं पाणी ‘शुद्ध’ म्हणजे नेमकं किती शुद्ध? सांडपाण्यातल्या नत्राविषयी

ओहोटी (धागाकर्ता)

मुंबई-ठाण्याच्या खाड्यांचा विषय निघाला की बोलणं प्लास्टिक, गाळ, कारखाने आणि वास यांवर येऊन थांबतं. ते सगळे प्रश्न खरेच आहेत. पण पाण्यात विरघळलेलं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) ना जाळीत अडकतं, ना फोटोत दिसतं, त्यामुळे त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मी बरीच वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे आणि ही गोष्ट मला सतत टोचत आली आहे, म्हणून हा धागा.

शेती करणाऱ्याला नत्र-स्फुरद-पालाश समजावून सांगावं लागत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतं. खाडीतल्या शेवाळाला आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती-प्लवकांना वाढायला हेच लागतं. गोड्या पाण्यात बहुधा स्फुरद कमी पडतं म्हणून वाढ अडते, समुद्रात बहुधा नत्र कमी पडतं म्हणून. तेच नत्र आपण बारा महिने पुरवत राहिलो की प्लवक माजतात, मरतात आणि तळाशी बसतात. ते कुजवताना जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपवतात. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की बहुतेक मासे तिथे टिकत नाहीत. पोहू शकणारे निघून जातात. शिवल्या, तिसऱ्या, कालवं कुठे जाणार? ती जागेवर मरतात.

हे नत्र येतं कुठून? पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाचा युरिया मुंबईच्या समुद्रात येत नाही. घाटमाथ्याच्या पूर्वेला पडलेलं पाणी कृष्णा-गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातं. मुंबईच्या किनाऱ्यापुरतं बोलायचं तर सर्वांत मोठा स्रोत आपण माणसंच. डाळ, दूध, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांचं नत्र शरीर वापरतं आणि मुख्यतः लघवीवाटे बाहेर टाकतं. माणशी दिवसाला ढोबळमानाने १० ग्रॅम धरा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे रोज सुमारे १२४ टन नत्र, अर्थात युरियाच्या सहा हजार गोण्या. रोजच्या रोज. ही कागदावरची आकडेमोड आहे, पण प्रश्न केवढा आहे याचा अंदाज त्यातून येतो.

आता या पाण्याचं आपण काय करत आलो ते बघा. वरळी आणि वांद्र्याला मैलापाण्यातला कचरा जाळ्यांनी अडवायचा, वाळू-खडा बसू द्यायचा आणि पाणी सुमारे ३.४ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून समुद्रात सोडायचं. मालाडचं पाणी अशाच जुजबी प्रक्रियेनंतर मालाड खाडीत. वर्सोवा, भांडुप, घाटकोपरला हवा खेळवण्याची तळी. ज्या वस्त्यांत मलवाहिनीच नाही तिथलं सगळं नाल्यांतून थेट मिठी नदीत, खाडीत. जानेवारी २०२३ मध्ये वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, भांडुप आणि घाटकोपर इथल्या सात नव्या प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन झालं. सातांची मिळून क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. इतकी मोठी गुंतवणूक शहराच्या मैलापाण्यावर होते आहे याचं मला मनापासून समाधान आहे.

माझा मुद्दा त्यापुढचा आहे. ‘प्रक्रिया केलेलं पाणी’ म्हणजे नत्र काढलेलं पाणी असं आपण गृहीत धरतो, आणि ते खरं असेलच असं नाही. वरणातलं मीठ गाळणीने निघत नाही, तसं मैलापाण्यातलं बरंचसं नत्र, म्हणजे विरघळलेला अमोनिया, गाळून किंवा निवळून जात नाही. त्यासाठी वेगळी टाकी, वेगळे जिवाणू आणि वेगळी शिस्त लागते.

या बाबतीत आपले नियम कसे बदलले ते पाहण्यासारखं आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१५ मध्ये मैलापाणी प्रक्रियेच्या मानकांचा मसुदा काढला, त्यात एकूण नत्राची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम होती. १३ ऑक्टोबर २०१७ ला अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्यात उरलं काय, तर पीएच, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू), तरंगणारे घन पदार्थ आणि विष्ठेतले जिवाणू. नत्राची ओळच गेली. पुढे ३० एप्रिल २०१९ ला राष्ट्रीय हरित लवादाने तज्ज्ञ समितीचा अहवाल पुढे ठेवून मानकं कडक करण्याचा आदेश दिला, आणि त्यात मोठ्या शहरांसाठी एकूण नत्र १० हा आकडा परत आला.

वरचीच आकडेमोड पुढे नेऊ. १२४ टन नत्र अडीच हजार दशलक्ष लिटर पाण्यात म्हणजे लिटरमागे जवळपास ५० मिलिग्रॅम. सातही केंद्रांनी ते १० वर आणलं तर समुद्रात जाणारं नत्र रोज २५ टनांच्या आसपास येईल. आणि फक्त बीओडी उतरवला, नत्राकडे पाहिलंच नाही, तर बोर्डावर ‘शुद्ध पाणी’ असं लिहून शेकडो गोण्या, कदाचित हजारो, रोज जातच राहतील.

खाडीकाठी राहणारे, मासेमारी करणारे, प्रक्रिया केंद्रांवर काम करणारे, परदेशात असं काही पाहिलेले, सगळ्यांनी लिहा.

---

दर्याचा_नातू

माहीमच्या खाडीकडचा आहे. आमची आजी ओहोटीला खडकावरची कालवं फोडायला जायची, घरात कालवणाला बाजारात जावं लागत नसे. आता तिथलं काही कुणी खात नाही.

शेवाळाबद्दल सांगतो. पाऊस सरला की थंडीच्या तोंडाला, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी आणि पाण्याला ओढ नसते तेव्हा, जाळ्याला हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर धरतो. हाताला लागला तर साबणाने दोनदा धुवावं लागतं. जाळ्याची भोकं बुजतात, जाळं जड होतं, पाणी आरपार जात नाही आणि मासा लांबूनच वळतो. मग जाळं किनाऱ्यावर आणून झोडपा, धुवा, वाळवा. तेवढा दिवस धंदा बुडाला. याची नुकसानभरपाई कुठल्याच यादीत नसते, कारण तेल सांडलं, बोट बुडाली असं काही दाखवता येत नाही.

एक विचारायचं आहे. बोय मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात आणि दहा-अकरानंतर तेच पाणी बरं वाटतं. हे असं का?

---

ओहोटी

@दर्याचा_नातू, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. दिवसा उन्हात प्लवक प्राणवायू तयार करतात. रात्री तेच प्लवक श्वसन करून प्राणवायू खर्च करतात, तळाचा गाळही खातच असतो. त्यामुळे उजाडण्याआधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. बोय वर येतात कारण हवेला लागून असलेल्या थरात थोडाफार शिल्लक असतो. अधिकृत नमुने बहुतेक वेळा कचेरीच्या वेळेत, म्हणजे ऊन वर आल्यावर घेतले जातात. तोवर आकडा सावरलेला असतो. कोळी माणूस पहाटे जे बघतो ते कागदावर येत नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

---

गढूळपाणी

धागा चांगला आहे, पण एका ठिकाणी अडतोय. मुंबईच्या खाड्यांचं पाणी इतकं गढूळ आहे की हातभर खाली काही दिसत नाही. प्लवकांना ऊन लागतं. उधाणाला पाच मीटरच्या आसपास भरती-ओहोटी, तळाचा चिखल सतत ढवळलेला. ऊनच आत जात नसेल तर नत्र कितीही असो, शेवाळ माजणार कसं? अमेरिकेतल्या संथ उपसागरांचं शास्त्र इथे जसंच्या तसं लावता येणार नाही. आपल्याकडे खरा शत्रू कच्चा मैला आहे. तो आधी थांबवू, नत्राचं नंतर बघू.

---

ओहोटी

@गढूळपाणी, तुमचा आक्षेप रास्त आहे. गढूळ आणि जोरकस भरतीच्या खाड्यांत ऊन कमी पडल्यामुळे प्लवकांची वाढ दबलेली राहते, हे जगभर दिसलेलं आहे. म्हणून ठाणे खाडीच्या मध्यावर नत्र भरपूर असूनही पाणी रोज हिरवं दिसत नाही. पण ते नत्र नाहीसं झालेलं नसतं. ओहोटीबरोबर बाहेर जातं, आणि जिथे गाळ बसतो, पाणी निवळतं, भांगाला ढवळणं कमी होतं, तिथे कामाला लागतं. दर्याचा_नातू यांनी थंडीच्या तोंडाचे भांगाचे दिवस सांगितले ते उगाच नाही.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची. शेवाळाचा एक कणही वाढला नाही असं धरलं, तरी अमोनिया स्वतः प्राणवायू खातो. पाण्यातले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा एक ग्रॅम नत्रामागे सुमारे ४.५७ ग्रॅम प्राणवायू लागतो. १२४ टनांना गुणून बघा, साडेपाचशे टनांच्या वर जातो. आणि ही मागणी नेहमीच्या बीओडी चाचणीत पुरती येत नाही. आपल्याकडे ती चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढणारे, अनेक नमुन्यांत ते तीन दिवसांत जेमतेम जागे होतात. म्हणजे बीओडी ‘पास’ झालेलं पाणी खाडीत गेल्यावर आणखी प्राणवायू ओढत राहू शकतं.

‘आधी मैला, मग नत्र’ हेही मला पटत नाही, आणि त्याचं कारण बांधकामाचं आहे. केंद्र एकदा बांधून झालं की टाक्यांचे आकार ठरून जातात. मुंबईत नंतर वाढवायला जागा कुठे आहे?

---

रात्रपाळी_एसटीपी

पहिल्यांदाच लिहितोय, इतके दिवस नुसता वाचत होतो. मी एका मोठ्या निवासी संकुलाच्या एसटीपीवर (मैलापाणी प्रक्रिया केंद्रावर) ऑपरेटर आहे. संकुलाचं नाव लिहिणार नाही.

नत्र काढायचं म्हणजे काय हे मी हाताने करतो ते सांगतो. एका टाकीत ब्लोअरने हवा सोडायची, तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं. मग ते पाणी पंपाने परत मागच्या टाकीत पाठवायचं. तिथे हवा द्यायची नाही, नुसतं ढवळायचं. तिथले जिवाणू प्राणवायू मिळत नाही म्हणून नायट्रेटमधला ओढून घेतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. हवेत तो असतोच, तिथे त्याचा कुणाला त्रास नाही.

रोज रात्री एक लिटरच्या काचेच्या मोजपात्रात टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास ठेवतो. गाळ चॉकलेटी रंगाचा हवा, खाली बसला की वरचं पाणी नितळ हवं. काळा पडला, कुजका वास आला की समजायचं हवा कमी पडली. कधी असं होतं की बसलेला गाळ तासाभराने ढेकळाढेकळाने परत वर येतो. नीट पाहिलं तर ढेकळाच्या पोटात बारीक बुडबुडे असतात. ते नायट्रोजनचे. म्हणजे जे काम मागच्या टाकीत व्हायला हवं होतं ते इथे पात्रात होतंय, नायट्रेट पुढे निसटलंय. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, आमच्या जुन्या सुपरवायझरने शिकवलं.

आता खरी गोष्ट. पाणी मागे पाठवणारा आमचा पंप कित्येक महिने बंद आहे. मी लिहून दिलं. उत्तर मिळालं की रिपोर्टमध्ये बीओडी येतोय ना बरोबर, मग झालं. रात्री ब्लोअरही एकच चालवायला सांगतात, वीजबिल वाढतं म्हणून. अमोनिया खाणारे जिवाणू नाजूक असतात. हवा तुटली की मरतात आणि परत जोर धरायला आठवडे लागतात. मैला खाणारे मात्र लगेच सावरतात. म्हणून बीओडी ठीक दिसतो आणि अमोनिया तसाच बाहेर जातो. जे मोजायला सांगत नाहीत ते कुणी दुरुस्त करत नाही.

---

पाचपाखाडी

@रात्रपाळी_एसटीपी, या धाग्यातला सर्वांत मोलाचा प्रतिसाद. लिहीत राहा.

---

ओहोटी

+१. शेवटचं वाक्य तर धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर लावून ठेवावं असं आहे. २०१७ मध्ये नत्राची ओळ गेली तिचा परिणाम दिल्लीपासून कुठवर पोचतो ते यात दिसतं: तुमच्या बंद पंपापर्यंत.

---

मीरा_मेरीलँड

मी मेरीलँडमध्ये राहते, चेसापीक उपसागरापासून अर्ध्या तासावर. इथला अनुभव लिहिते.

चेसापीक प्रचंड मोठा आहे पण उथळ, सरासरी खोली साडेसहा मीटरच्या आसपास. सहा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन यांचं पाणी त्यात उतरतं, पाणलोट १,६५,००० चौरस किलोमीटरहून जास्त. त्यामुळे पाण्याच्या मानाने त्यात येणारं खत फार. दर उन्हाळ्यात खोल भागात प्राणवायू संपलेला पट्टा तयार होतो आणि इथले प्रसिद्ध निळे खेकडे तिथून हुसकले जातात. डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर मेरीलँडने १९८५ मध्येच बंदी आणली.

मला सांगायचं आहे ते पैशांबद्दल. २००४ साली राज्याने एक कायदा करून प्रत्येक घरावर वर्षाला ३० डॉलर शुल्क लावलं, २०१२ मध्ये ते बहुतेकांसाठी ६० झालं. लोक त्याला फ्लश टॅक्स म्हणतात. माझ्या पाण्याच्या बिलावर ती वेगळी ओळ असते. ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे तेही सुटलेले नाहीत. ज्या भागाचं पाणी चेसापीकमध्ये न जाता अटलांटिककडे जातं तिथल्या लोकांना अजून ३० च आहे, इतका हिशेब नेमका. त्या पैशांतून राज्यातली ६७ मोठी मैलापाणी केंद्रं सुधारायला घेतली आणि लक्ष्य ठेवलं नत्र लिटरमागे ३ मिलिग्रॅम, स्फुरद ०.३. आपण तिकडे १० साठी झगडतोय!

आणि तरीही उपसागर बरा झालेला नाही. २०१० मध्ये इथल्या केंद्र सरकारने सहाही राज्यांना नत्र-स्फुरदाचा कमाल वाटा ठरवून दिला आणि २०२५ ची मुदत घातली. मैलापाणी केंद्रांनी आपलं काम मुदतीच्या कितीतरी आधी केलं. शेतीकडून येणारं नत्र मात्र ठरल्याइतकं उतरलं नाही. पेनसिल्व्हेनियात कोंबड्या आणि गाईंचं शेणखत इतकं आहे की जमिनीला पचत नाही. मेरीलँड शेतकऱ्यांना हिवाळ्यात राय, गहू अशी आच्छादन पिकं पेरायला एकरी पैसे देतं, म्हणजे जमिनीत उरलेलं नत्र पावसाबरोबर वाहून जाण्याऐवजी त्या पिकात अडकतं. हे काम लाखो एकरांवर, हजारो माणसांशी बोलून करावं लागतं. नळाच्या टोकाला बसवलेलं केंद्र त्यामानाने सोपं. मुंबईचं बहुतेक नत्र नळातून आणि नाल्यातून येतं हे वाचून मला उलट आशा वाटली.

---

भीमाकाठ

इंदापूर तालुका. आमच्याकडे समुद्र नाही पण उजनी आहे. पुणे-पिंपरीचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, पंपाच्या फूटव्हॉल्व्हवर शेवाळाचा गोळा बसतो. तेच पाणी पुढे सोलापूरला प्यायला जातं. समुद्राकाठच्यांना निदान भरती-ओहोटी आहे, आमचं साचलेलं आहे.

शेतकऱ्याचंही बोलतो. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैसे. स्फुरद-पालाशाची खतं त्यापुढे कुठच्या कुठे महाग. मग माणूस युरियाच मारतो, आणि पाटाचं पाणी सोडलं की त्यातला बराच निचऱ्यातून जातो. हे आम्हाला कळत नाही असं नाही. ठिबकमधून थोडं थोडं खत दिलं तर कमी लागतं, आमच्या भागात बरेच जण देतात. पण दोष वाटताना शहराचा नाला आणि शेताचा निचरा दोन्ही मोजा, एवढंच म्हणणं.

---

ओहोटी

@भीमाकाठ, पूर्ण सहमत. उजनीला तर स्फुरद जास्त महत्त्वाचं, आणि पुण्याच्या सांडपाण्यात ते भरपूर असतं: अन्नातून आलेलं आणि धुण्याच्या पावडरीतलं. युरोपीय संघाने २०१३ पासून घरगुती धुण्याच्या डिटर्जंटमधल्या फॉस्फरसवर एका धुण्यामागे अर्ध्या ग्रॅमची मर्यादा घातली. उजनीवर कुणी वेगळा धागा काढला तर मी नक्की लिहीन.

---

कोबेकर

जपानमधून लिहितोय. थोडी वेगळी बाजू मांडतो, कृपया गैरसमज नको.

कोबे शहर सेतो अंतर्देशीय समुद्राच्या काठी आहे. सगळीकडून बेटांनी आणि जमिनीने वेढलेला, त्याच्या काठी कारखाने आणि शहरं. १९७२ मध्ये हारिमा भागात तांबड्या प्लवकांचा एवढा मोठा उद्रेक झाला की पिंजऱ्यात पाळलेले सुमारे १ कोटी ४० लाख हामाची मासे मेले, ७१० कोटी येनचं नुकसान झालं. पुढच्याच वर्षी खास कायदा झाला, १९७८ मध्ये तो कायमचा केला. १९७६ मध्ये अशा तांबड्या पाण्याच्या २९९ घटना नोंदल्या गेल्या होत्या. नंतर कमी होत त्या शंभराच्या आसपास आल्या. आधी स्फुरदावर, नंतर नत्रावरही बंधनं आली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. पाणी स्वच्छ झालं आणि नोरीची शेती करणारे तक्रार करायला लागले. नोरी म्हणजे सुशीला गुंडाळतात ते समुद्री शेवाळ, इथे हिवाळ्यात त्याची लागवड होते. नत्र कमी पडल्यावर त्याचा काळा रंग उडतो, पिवळट पडतं आणि भाव मिळत नाही. इकानागो नावाचा बोटाएवढा मासा फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे घरोघरी सोया सॉस-साखरेत आटवतात, शेजारीपाजारी डबे पाठवतात. २०१७ पासून त्याची आवक कोसळली. पाण्यातलं पोषण घटल्यामुळे त्याचं खाद्य कमी झालं, असं इथल्या संशोधकांचं म्हणणं आहे. शेवटी ह्योगो प्रांताने २०१९ मध्ये समुद्रातल्या एकूण नत्रासाठी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम ही *किमान* पातळी ठरवली, आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय कायदाही बदलला. काही मैलापाणी केंद्रं आता हिवाळ्यात मुद्दाम थोडं जास्त नत्र सोडतात.

म्हणून विचारतो, शून्याकडे नेण्याचा हट्ट योग्य का?

---

दर्याचा_नातू

@कोबेकर, शून्याची भीती आम्हाला पुढची शंभर वर्षं तरी नाही हो. पण हिवाळ्यात वेगळं आणि उन्हाळ्यात वेगळं सोडायचं, तेही मच्छीमारांना विचारून, हे ऐकून बरं वाटलं. आम्हाला कधी कुणी विचारलं नाही.

---

ओहोटी

@कोबेकर, गैरसमजाचा प्रश्नच नाही, तुमचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ह्योगोला किमान पातळी ठरवता आली कारण त्यांच्याकडे अनेक दशकांची, महिन्यामहिन्याची मोजणी होती. नत्र किती उतरलं आणि कुठला मासा कधी घटला हे शेजारी ठेवून बघता आलं. आपण अजून पहिल्या आकड्यासाठी झगडतोय. आणि दोन्ही समुद्रांमधलं अंतर लक्षात घ्या. तुमच्याकडे वाद ०.२ वर आहे, आपण खाडीत सोडतो ते पाणी ५० च्या आसपास. समुद्रात मिसळून ते पातळ होतं हे मान्य, पण खाडीच्या टोकाला, ठाण्याच्या बाजूला, पाणी बदलायलाच बरेच दिवस लागतात.

---

सांतिनेज

पणजीहून. वर समुद्राचा उल्लेख आला म्हणून एक भर घालते.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात खोल समुद्रातलं थंड, कमी प्राणवायूचं आणि नत्राने भरलेलं पाणी किनाऱ्याकडे वर चढतं. वर नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर बसतो आणि झाकण पडल्यासारखं होतं. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात तळाशी प्राणवायू जवळपास संपतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोर १९९० च्या दशकापासून याची मोजणी करत आले आहेत. २००० साली त्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं की ही प्राणवायूची तूट तीव्र होते आहे, आणि जमिनीवरून येणारं नत्र त्याला हातभार लावत असावं.

याचा अर्थ असा की आपला समुद्र आधीच काठावर उभा आहे. म्हणूनच ‘एवढ्या मोठ्या समुद्राला आपल्या नाल्याने काय होणार’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो.

आणि गोव्यात मलवाहिनीला न जोडलेली घरं खूप. शोषखड्डा जांभ्यात. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, खड्ड्यातलं पाणी विहिरीत जातं आणि विहिरीतून पाझरत ओहोळात. मैला दिसत नाही म्हणून सगळ्यांना वाटतं जिरला. नायट्रेट जिरत नाही, वाहतं.

---

पाचपाखाडी

मी पक्षी बघायला ऐरोलीला जाते. एक भाबडा प्रश्न: ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत आली. हजारो रोहित (फ्लेमिंगो) येतात. पाणी इतकं वाईट असतं तर ते आले असते का? आणि कांदळवनं नत्र शोषून घेत नाहीत का?

---

ओहोटी

@पाचपाखाडी, प्रश्न भाबडा मुळीच नाही, खूप जणांच्या मनात असतो. छोटा रोहित निळं-हिरवं शेवाळ आणि सूक्ष्म प्लवक चोचीने गाळून खातो. चिखलाच्या सपाटीवर ते शेवाळ पोसलं जातं त्यात आपल्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदाचा वाटा असणार, असं अभ्यासक बरीच वर्षं म्हणत आले आहेत. रोहित आले म्हणजे खाडीत खाद्य आहे, इतकंच त्यातून सिद्ध होतं. त्याच खाडीत ऐरोली-वाशी-दिवाळ्याचे कोळी जिताडा आणि कोळंबी घटल्याचं सांगतात. एका पक्ष्याला मानवलेलं पाणी बाकी सगळ्यांना मानवेलच असं नाही.

कांदळवनं मदत करतात, नक्कीच. त्यांच्या मुळांशी प्राणवायू नसलेला चिखल असतो, तिथे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो. रात्रपाळी_एसटीपी यांनी मागच्या टाकीचं जे काम सांगितलं तेच, फुकटात. पण अमोनियाचं आधी नायट्रेट व्हावं लागतं आणि त्याला प्राणवायू हवा. प्राणवायू संपलेल्या खाडीत कांदळवनाचाही हात बांधला जातो. शिवाय रोजचे शंभर टन एका वनपट्ट्यावर सोपवणं हा त्या वनावर अन्याय आहे.

---

गढूळपाणी

अमोनियाच्या प्राणवायूचा हिशेब पटला. घरी बसून दोनदा करून पाहिला. बीओडी तीन दिवसांत नत्राची मागणी पुरती पकडत नाही हे मला माहीत नव्हतं. माझं मत बदललं: नव्या केंद्रांच्या बाबतीत नत्राचा आकडा पहिल्या दिवसापासून मागायला हवा.

---

सचिव_कासारवडवली

आमच्या सोसायटीत एसटीपी आहे, पाणी नाल्यात जातं आणि नाला खाडीत. हा धागा वाचून पुढच्या सभेत विषय घेतोय. प्रयोगशाळेला नेमकं काय सांगायचं? आमच्या रिपोर्टवर पीएच, बीओडी, सीओडी, टीएसएस आणि तेल-ग्रीस एवढंच असतं.

---

ओहोटी

@सचिव_कासारवडवली, ‘एकूण नत्र’ मागा. ते दोन चाचण्यांतून मिळतं: केल्डाल नत्र, ज्यात अमोनिया आणि सेंद्रिय नत्र येतं, आणि त्यात मिळवायचं नायट्रेट अधिक नायट्राइट. फक्त नायट्रेटची चाचणी करून ‘कमी आलं’ म्हणून समाधान मानू नका. ब्लोअर नीट चालत नसेल तर अमोनियाचं नायट्रेट होतच नाही, मग नायट्रेट कमी दिसणारच आणि सगळं नत्र अमोनिया म्हणून बाहेर जात असतं. अमोनिया वेगळा दाखवायला सांगा म्हणजे टाकीत नेमकं कुठे अडलंय ते कळेल. सोबत एकूण स्फुरद.

नमुना येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचा, दोन्हींचा हवा. एकच बाटली दुपारी तीनला भरू नका, तेव्हा घरं रिकामी असतात. सकाळी सहा ते दहाच्या दरम्यान दर तासाला थोडं थोडं घेऊन एकत्र करा, जमलं तर रात्रीचंही, ब्लोअर एकच चालू असताना. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. उन्हात राहिली तर जिवाणू बाटलीतच काम सुरू करतात आणि आकडा बिघडतो.

आणि सभेत ऑपरेटरला बसवून घ्या. कुठला पंप बंद आहे हे त्याला आधीच माहीत असतं.

---

सचिव_कासारवडवली

धन्यवाद. बाटल्या या आठवड्यात भरतो. येणारं, जाणारं, दोन्ही आकडे सोसायटीचं नाव न लिहिता इथेच टाकेन.

---

रात्रपाळी_एसटीपी

@सचिव_कासारवडवली, एक राहिलं. नमुना घ्यायच्या आदल्या दिवशी ऑपरेटरला सांगू नका म्हणून वर कुणी सुचवेल, पण सांगा. फक्त मॅनेजरला सांगू नका. नाहीतर त्या दिवसापुरते दोन्ही ब्लोअर चालतील.